एका पायावरचे आबा

फार जुन्या काळी, आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर नेसून सागरगोटे खेळत होत्या ना, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक आबा राहत. त्यांचं पाळण्यातलं नाव गावही विसरलं होतं. लोक त्यांना न्यायआबाच म्हणत. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाचा बैल कुणाच्या पिकात शिरला, की लोक आबांच्या ओट्यापुढं येऊन उभे राहत. आबा घोंगडीवर बसत, काठी आपटत, दोन्ही बाजू ऐकत आणि निवाडा देत. त्यांच्यापुढं कुणाची भीडभाड नव्हती. आबांनी सांगितलं की विषय संपला.

आता हा न्याय त्यांनी गावापुरता ठेवला असता, तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माणसाला एक काम चांगलं जमलं की तो तेच जिथं तिथं करू बघतो. आबांनी घरातही कचेरी भरवायला सुरुवात केली.

घरात आबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. थोरली सगुणी सात वर्षांची, धाकटा भिवा नुकता दुडुदुडु पळायला लागलेला. आता पोरांचं घर म्हटलं की तिथं दूध सांडणार, गाडगं फुटणार, उंबऱ्याला ठेचकाळून गुडघा फुटणार. यातलं काहीही झालं की आबांची काठी वाजायची. सगळ्यांनी हातातलं काम टाकून ओट्यापाशी यायचं. कुणी केलं, कुणी पाहिलं, कुणाचं लक्ष कुठं होतं, सगळी विचारपूस व्हायची. ज्यानं केलं त्यानं तुळशीपाशी एका पायावर उभं राहायचं. ज्यानं पाहिलं आणि थांबवलं नाही, त्यानंही उभं राहायचं, फक्त थोडा कमी वेळ. पोराच्या गुडघ्यावर हळद पडायच्या आधी शिक्षा पडायची, अशी त्या घराची तऱ्हा.

एकदा तर आबांनी साय खाल्ली म्हणून मांजराचाही निवाडा केला. मांजर दोषी ठरलं. दिवसभरासाठी त्याला घराबाहेर काढलं, तर ते तासाभरात मागच्या खिडकीतून आत आलं आणि चुलीपाशी अंगाचं मुटकुळं करून झोपलं. मांजराला न्याय कळत नाही. पोरांना मात्र कळतो.

सगुणीला तो फार लवकर कळला. चुलीपाशी बोट भाजलं, तर ती मूठ झाकून परसात जायची आणि ओल्या मातीत बोट खुपसून बसायची. वाटी फुटली की खापऱ्या उकिरड्यात पुरायची. भिवा ओट्यावरून पडला, की त्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला गोठ्यात न्यायची आणि तिथं उगी करायची. कुणी काही विचारलं की तिच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "मला ठाऊक नाही." ते इतकं सवयीचं झालं होतं की कधी कधी प्रश्न पुरा व्हायच्या आत ती बोलून मोकळी व्हायची.

पुढंपुढं तर घरात महिना महिना काठी वाजेना. आबा मिशीवरून हात फिरवत चार लोकांत सांगायचे, बघा, धाक असला की घर कसं वळणावर येतं. बिचाऱ्यांना काय माहीत, घरातल्या चुका कमी झाल्या नव्हत्या, त्या फक्त उकिरड्यात गेल्या होत्या.

त्या वर्षी कापूस उदंड पिकला होता. वरच्या गावांतून कापसाच्या गाड्या पेठेकडं जायच्या. आबांच्या घरापुढं वडाखाली मोठा हौद होता, तिथं गाडीवान बैलांना पाणी दाखवायला थांबायचे. अशीच एक गाडी दुपारी थांबली. बांबूच्या तट्ट्या लावलेली, अर्धीच भरलेली. गाडीवान पाण्यावर आलेल्या बायांना सांगत होता, पुढच्या गावी आणखी कापूस घ्यायचा, माणसं चढवून पायानं चांगला दाबून भरायचा आणि उजाडायच्या आत पेठ गाठायची. तो ओंजळीनं पाणी प्यायला आणि चिलीम पेटवून वडाच्या पल्याड जाऊन बसला.

सगुणी भिवाला कडेवर घेऊन तिथंच उभी होती. आई शेतावर गेली होती आणि भिवा सकाळपासून कडेवरून उतरायला तयार नव्हता. पलीकडं मैत्रिणींचा सागरगोट्यांचा डाव रंगला होता. सगुणीचा हात भरून आला होता. तिनं कापसाकडं पाहिलं. किती मऊ. एकच डाव खेळू, तोवर बसेल हा इथं, असा विचार करून तिनं चाकावर पाय ठेवला आणि भिवाला अलगद कापसात बसवलं. भिवा हसला, लोळला, कापूस खाऊन बघितला, थुंकला आणि बघता बघता तट्ट्यांच्या आड कापसात रुतून झोपला.

आता डाव काय, एकात थांबतो का कधी? सगुणीनं मान वर केली तेव्हा वडाखाली नुसतं शेण पडलं होतं. गाडी गेली होती.

ती जीव खाऊन वळणापर्यंत पळाली. वळणाच्या पुढं रस्ता मोकळाच होता. मग ती तशीच घराकडं वळली. आल्या आल्या ओरडून सांगायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण ओट्यावर आबा बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ती काठी होती. सगुणीचे पाय दारातच थबकले. तेवढ्यात आई शेतावरून आली आणि तिनं सहज विचारलं, भिवा कुठाय गं?

"मला ठाऊक नाही," सगुणी म्हणाली. शब्द तिच्या परवानगीशिवायच बाहेर पडले.

मग जी धावपळ उडाली, ती काय सांगावी. आई गोठा, परस, कडब्याची गंज सगळं धुंडाळून आली. बाप शेतातून पळत आला. शेजारपाजार गोळा झाला. कुणी ओढ्याकडं गेलं. दोघा गड्यांनी विहिरीत गळ सोडले आणि ते पाहून आई मटकन खालीच बसली. सगुणी सगळं बघत होती. विहिरीत काही नाही, हे त्या सगळ्या गावात तिला एकटीला ठाऊक होतं. गाडी पुढच्या गावी पोचत असेल, तिथं माणसं कापूस चढवतील, पायानं दाबतील आणि खाली भिवा निजलेला असेल. हे सगळं तिला दिसत होतं. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

आणि आबांनी काय करावं? त्यांनी काठी आपटली. त्यांनाही नातवाची काळजी होतीच, नव्हती असं कोण म्हणेल. पण त्यांना येत होतं ते एवढंच. पोर कुणाच्या ताब्यात होतं, शेवटचं कुणी पाहिलं, सगळ्यांना त्यांनी रांगेत उभं करून विचारलं. सगुणीचं पुन्हा तेच, ठाऊक नाही. मग आबांचा आवाज चढला. ज्याला ठाऊक असून तो गप्प बसेल त्याला दुप्पट शिक्षा, असं त्यांनी जाहीर केलं. झालं, उरलासुरला धीरही गेला पोरीचा.

इतकी वर्षं सून सासऱ्यापुढं कधी मान वर करून बोलली नव्हती. ती उठली, ओट्यापाशी आली.

"मामंजी, मला गुन्हेगार नको," ती म्हणाली. "मला माझं लेकरू पाहिजे."

सुनेची नजर चुकवायला म्हणून आबांनी मान वळवली, तर तुळशीपाशी त्यांना सगुणी दिसली. पोर एका पायावर उभी होती. तिला कुणीही शिक्षा सांगितली नव्हती. दोन्ही हातांनी तिनं कान धरले होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ओठ गच्च मिटलेले होते.

आबा हाडाचे न्यायी. त्यांना एका क्षणात कळलं की पोरीला सगळं ठाऊक आहे. 'तू केलंस?' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेसुद्धा. पण त्या मिटलेल्या ओठांकडं पाहता पाहता त्यांना दुसरंही काही कळलं, आणि ते कळल्यावर त्यांच्या काळजाचं पाणी झालं. हे ओठ त्यांनीच शिवले होते.

त्यांनी काठी ओट्यावर टाकली. अंगण ओलांडून ते तुळशीपाशी गेले. एक हात वृंदावनावर टेकवून त्यांनी एक पाय वर उचलला आणि सगुणीच्या शेजारी उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, पाय लटपटायला लागला, धोतराचा सोगा लोंबला. बघणाऱ्यांना हसावं की रडावं ते कळेना.

"सगुणे, आजचा गुन्हा माझा आहे," आबा म्हणाले. "त्याची शिक्षा मी घेतली. तू पाय खाली ठेव, बाळ. आणि मला एवढंच सांग, आपला भिवा कुठं आहे?"

सगुणीनं कानांवरचे हात काढले. आबा पडतील म्हणून तिनं आधी त्यांना धरलं. मग तिचा बांध फुटला आणि हुंदक्यांतून एकेक शब्द बाहेर आला: कापसाची गाडी, पुढचं गाव, पायानं दाबणार.

का ठेवलंस, कशाला ठेवलंस, आबांनी काही विचारलं नाही. गाडी ओळखशील का, एवढंच विचारलं. ओळखीन म्हणाली, डाव्या बैलाचं शिंग मोडलंय. आबांनी तिला उचलून मुलाच्या हातात दिलं. शेजाऱ्याची घोडी दावणीलाच होती. तिच्यावर खोगीर घालायलाही कुणी थांबलं नाही. बापानं सगुणीला पुढ्यात घेतलं आणि गाडीवाट सोडून टेकाडावरच्या पायवाटेनं घोडी पिटाळली.

पुढच्या गावाच्या वेशीपाशी तीन गाड्या उभ्या होत्या. तिन्हींवर माणसं, तिन्हींत कापूस. बाप गोंधळला. पण सगुणीनं मोडकं शिंग पाहिलं. त्या गाडीत एका गड्यानं कापसाचं ओझं नुकतंच उपडं केलं होतं आणि दुसरा कापूस दाबायला आत उतरायच्या बेतात होता.

आता बघा हं, दुपारपासून जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता ती पोरगी अशी ओरडली की बैलही बिचकले. "थांबा! पाय ठेवू नका, माझा भाऊ आहे आत!"

गड्याचा पाय वरच्या वर राहिला. बाप गाडीत चढला, सगुणी त्याच्या मागोमाग. दोघांनी हातांनी कापूस उपसला. आधी एक वाळा हाताला लागला, मग पाऊल, मग अख्खा भिवा. केसांत कापूस, नाकात कापूस. त्यानं डोळे उघडले, दोनदा सटासट शिंकला आणि झोपमोड केली म्हणून भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून बाप तिथंच कापसात बसून राहिला. गाडीवान बिचारा तर पार भेदरून गेला होता. त्यानं वेशीच्या मारुतीपुढं नारळ फोडला.

घोडी परत आली तेव्हा सगळं गाव आबांच्या अंगणात होतं. आईनं भिवाला ओढून घेतलं आणि त्याचे इतके मुके घेतले की तो पुन्हा रडायला लागला. सगुणी मात्र घोडीजवळून हलेना. पोर सापडलं, आता कचेरी भरणार, असंच तिला वाटत होतं. जमलेल्या लोकांनाही तेच वाटत होतं. सगळे आबांच्या तोंडाकडं बघत होते.

आबा पुढं आले. त्यांनी भिवाचे हातपाय चाचपले आणि विचारलं, "कुठं लागलं का रे?" मग ते सगुणीपुढं उकिडवे बसले आणि त्याच आवाजात म्हणाले, "आणि तुला गं? तुला कुठं लागलं?"

तिच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. तरी ती आबांच्या गळ्यात पडून अशी रडली की त्यांच्या सदऱ्याचा खांदा भिजला. आबांनी तिला रडू दिलं. रात्री जेवणं झाल्यावर, पाठीवर हात ठेवून, लहानग्याला परक्या गाडीत का बसवू नये तेही त्यांनी समजावलं. कधी नव्हे ते तिनं सगळं ऐकून घेतलं, कारण तिचे कान भीतीनं भरलेले नव्हते.

त्या दिवसापासून आबांच्या घरात चुकांचा नुसता सुकाळ झाला. आज गाडगं फुटलं, उद्या पिठात पाणी सांडलं, परवा भिवानं नाकात चिंचोका घातला. असं रोज काही ना काही कानावर यायला लागलं आणि सांगायला पोरं स्वतः धावत येऊ लागली. चिंचोका तर सांगितल्या सांगितल्या वैद्यानं चिमट्यानं काढला. शेजारणी कुजबुजायच्या, धाक गेला, घर बिघडलं. आबा ऐकायचे आणि हसायचे. त्यांच्या ओट्यावर आता काठीच्या जागी हळदीची वाटी असे, आणि दुखलंखुपलं पोर आईच्याही आधी तिथं येऊन बसे.

तात्पर्य: जे घर आधी 'कुणी केलं' न विचारता 'कुठं लागलं' विचारतं, त्या घराचं हरवलेलं लेकरू वेळेवर सापडतं.