राई राख!

डोंगराच्या कुशीत एक वाडी होती म्हणावं, तर डोंगराला आता कूस उरलीच नव्हती. झाडं तुटली, झरे आटले, उघडाबोडका डोंगर तेवढा राहिला. हिरवीगार होती ती एकटी देवराई. तिच्यात एक चिमुकला झरा होता, आणि सगळ्या वाडीची तहान त्याच्यावरच भागायची.

त्या वाडीत येसू नावाची मुलगी आपल्या आयेबरोबर राहायची. थंडी अशी की दात वाजायचे, आणि घरातली चूल गार. राईत वाळक्या काटक्यांचा खच पडलेला, पण वाडीचा नेम होता, राईतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. एकदा आये तापानं कुडकुडत होती, तेव्हा येसूनं मोळी बांधलीही होती. राईच्या बांधापर्यंत आली, रडली, आणि काटक्या परत झाडांखाली ठेवून आली. वेडी पोर! पण अशीच होती ती.

एका सकाळी येसू झऱ्यावर गेली, तर शिकेकाईच्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. इवलीशी परी! मोरपंखी निळे पंख, अंगभर सोनेरी टिकल्या, आणि एक पंख काट्यात अडकलेला. येसूनं एकही डहाळी न मोडता तिला हळूच सोडवलं.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "माग एक वर. पण शब्द दोनच हं. आणि एकदा बोललीस की बदलायचे नाहीत."

'उबदार घर' मागावं, असं येसूच्या मनात आलं. तेवढ्यात बांधावरून लाकूडतोडे आत शिरले. "चला रं, आज सगळी राई साफ करायची!" मुकादम ओरडला. एकानं झऱ्याकाठच्या जुन्या अंजनाच्या झाडावर कुऱ्हाड उगारली.

येसू जिवाच्या आकांतानं किंचाळली, "राई राख!"

आणि लगेच तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! राख म्हणजे सांभाळ, परीताई! चुलीतली राख नव्हे गं!"

परीनं बोट उंचावलं. कुऱ्हाड हवेतच थांबली.

"शब्द तर एकच आहे, बाळ," ती गंभीरपणे म्हणाली. "त्यातलं खरं काय, ते तुझी चूलच सांगेल." आणि ती भुर्रकन उडाली.

येसूचा जीव टांगणीला लागला. त्या दिवशी ती मोळी घरी नेली असती तर?

परी परतली ती हसत. "तुझ्या चुलीत राईची राख चिमूटभरही नाही. मग ती तुझ्या तोंडी कशी येईल?"

तिनं टाळी वाजवली, आणि कुऱ्हाडींच्या दांड्यांना लुसलुशीत पोपटी पालवी फुटली!

"आरं बाबा, लाकूड जित्तं हाय!" लाकूडतोडे ओरडले. कुऱ्हाडी टाकून सगळे पळाले, मुकादम सगळ्यांच्या पुढे.

"राईतलं न्यायचं नाही, खरंच," परी येसूच्या कानात म्हणाली. "पण राईनं आपणहून दिलं, तर घ्यावं हं." मग लख्ख सोनेरी उजेड पडला, आणि परी त्यात दिसेनाशी झाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वारा येसूच्या दाराशी काटक्या टाकून जातो. एका चुलीपुरत्याच. आये हात शेकत बसते आणि खुदकन हसते.

सकाळी येसू त्या चुलीतली राख ओंजळीत घेऊन राईत जाते, आणि झाडांच्या मुळांशी घालते.

"राख आणलीय," ती अंजनाला सांगते, "आणि राखायलाही आलेय."