चौथऱ्यावरचे काटे

एकदा एका परक्या राज्यात, मोठ्या कालव्याच्या काठी, निर्वासितांची एक वस्ती होती. त्यांच्या पणजोबांना एका सम्राटाने जिंकून, साखळदंड घालून तिथे आणले होते. पुढच्या पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथल्याच मातीच्या विटा पाडू लागल्या. घरात मात्र जुन्या देशाची भाषा बोलत राहिल्या. वस्तीच्या वेशीपाशी एक दगडी चौथरा होता आणि त्यावर सम्राटाची मूर्ती. मूर्तीसमोरून जाणाऱ्याने डोक्यावरचे ओझे खाली उतरवायचे, जमिनीला बोटे लावायची आणि मगच ओझे उचलून पुढे जायचे, असा नियम होता. विटांची पाटी असो, जळणाची मोळी असो की पाण्याची घागर असो, सूट कोणालाच नव्हती. नियम पाळला जातो की नाही हे पाहायला चौथऱ्याच्या सावलीत एक पहारेकरी बसलेला असे. त्याच्या हातात वेताची छडी असे.

त्या वस्तीत एक वृद्ध गुरुजी राहत. पाणी भरून पोट भरणाऱ्या एका विधवेच्या मुलाची बुद्धी त्यांनी लहानपणीच ओळखली आणि त्याला दूरच्या नगरातल्या पाठशाळेत पाठवले. तिथे प्राचीन संदेष्ट्यांची भविष्यवचने शिकवीत. मुलगा बरीच वर्षे तिथे राहिला. दृश्य जगातल्या प्रत्येक साम्राज्यामागे अदृश्य जगातला एक अधिपती उभा असतो, राजांच्या लढाया म्हणजे त्या वरच्या लढाईची केवळ सावली, आणि देवाचे दूत त्या अधिपतींशी अखंड झुंजत असतात, हे तो तिथे शिकला. कोणत्या सत्तेनंतर कोणती सत्ता उठणार, हे तो क्रमाने सांगू शकत असे. आकाशातले युद्ध त्याला तोंडपाठ होते. वेशीपाशी काय चालते तिकडे पाहायला मात्र त्याला सवड झाली नव्हती.

तो परतला तेव्हा त्याची आई लंगडत होती. कारण त्याला शेजाऱ्यांकडून कळले. अंगात ताप असताना एका दुपारी तिने घागर न उतरवता चौथरा ओलांडला होता. पहारेकऱ्याने छडीने घागर फोडली, आई सांडलेल्या पाण्यावरून घसरून पडली आणि खापर तिच्या पायात शिरले. मुलाने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पाय आहे, दुखायचाच. तू जेवून घे आधी."

तो जेवला नाही.

त्याच वर्षी ते साम्राज्य कोसळले. जुना सम्राट मारला गेला. नवा सम्राट दयाळू निघाला. निर्वासितांनी खुशाल आपल्या देशी परत जावे, आपले मंदिर पुन्हा बांधावे, असे त्याने फर्मान काढले. बातमी वस्तीत पोचली त्या दुपारी तरुणांनी मूर्तीला दोर बांधून ती खाली ओढली. तिचे डोके गडगडत कालव्यात गेले तेव्हा लोक हसून हसून रडले. पहारेकरी एका थंड पडलेल्या वीटभट्टीत लपून बसला होता. त्याला बाहेर काढून खांबाला बांधले. घरोघरी गोडाधोडाचा वास सुटला. लोक गाठोडी बांधू लागले.

फक्त गुरुजींनी अंगावर गोणपाट घेतले, तेल आणि भाकरी वर्ज्य केली आणि ते उपासाला बसले. एवढ्यावरच थांबले असते तर लोकांनी म्हातारपण म्हणून सोडून दिले असते. पण रोज पहाटे ते कालव्याकाठच्या झुडपांतून एक काटेरी फांदी तोडून आणत आणि रिकाम्या चौथऱ्यावर ठेवत. पोरे ती खेळता खेळता फेकून देत. दुसऱ्या पहाटे नवी फांदी हजर. गुरुजींची बोटे ओरबाडून निघाली होती.

खजुराच्या एका व्यापाऱ्याचे गाढव त्या काट्यांना घासले गेले, तेव्हा तो गुरुजींसमोर येऊन बराच वेळ कुरकुरला. वस्तीतल्या पोक्त माणसांत त्याची गणना होती आणि बोलण्यात त्याला कोणी अडवत नसे. मग तो गुरुजींच्या शिष्याकडे, त्या विधवेच्या मुलाकडे, वळून म्हणाला, "पंडित, तुमच्या गुरुजींना समजवा. सम्राट मेला त्याचं सुतक धरलंय, की चौथऱ्यावर पीक घेतायत?"

लोक हसले. शिष्यही ओशाळून हसला. पण मनातून त्याला राग आला होता. संदेष्ट्यांनी सांगितलेले डोळ्यांदेखत खरे होत असताना आपल्या गुरूने असे तोंड पाडून बसावे, हे त्याला लाजिरवाणे वाटत होते. त्याने त्यांना एकांतात गाठून काट्यांबद्दल विचारले.

"जागा रिकामी आहे म्हणून," गुरुजी म्हणाले.

"मूर्ती पडली, गुरुजी. संपलं ते."

"मूर्ती पडली हे मीही पाहिलं."

एवढे म्हणून ते बोटातला काटा काढू लागले. गुरुजी आता थकले आहेत, असे शिष्याने मनाशी ठरवले. ठरवताना त्याला थोडे वाईट वाटले आणि थोडे मोकळेही वाटले.

पहारेकऱ्याचे काय करायचे हा प्रश्न राहिला होता. देश सोडण्यापूर्वी त्याचा निकाल लागला पाहिजे, असे सर्वांचे म्हणणे पडले. गुरुजी उपासाला बसलेले, बाकी कोणाला धर्मशास्त्र ठाऊक नाही, तेव्हा निवाडा शिकून आलेल्या पोराने करावा, असे व्यापाऱ्याने सुचवले आणि ते सर्वांना पटले. नकार दिला तर आपली विद्या कमी दिसेल असे शिष्याला वाटले, आणि न्यायाचा अपमानही त्याला नको होता. आईच्या पायाचा आपण सूड घेत नाही, शास्त्र सांगते तेवढेच करतो आहोत, हे त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावले. शास्त्रानुसार फटक्यांची शिक्षा होत होती. तेवढीच सांगायची असे ठरवून तो सकाळी वेशीपाशी आला.

वस्ती लोटली होती. पहारेकरी खांबाशी उन्हात बांधलेला होता. त्याची मान खाली गेली होती. शिष्य बोलू लागला, पण मागच्यांना ऐकू जाईना. तेव्हा व्यापारी ओरडला, "अहो पंडित, वर चढा की! एवढी चांगली जागा रिकामी पडलीय."

चौथऱ्यावर त्या पहाटेची फांदी होती. शिष्याने ती पायाने बाजूला सारली. गुरुजी चौथऱ्याला टेकूनच बसले होते. फांदी त्यांच्या मांडीशी येऊन पडली. त्यांनी ती जवळ ओढून घेतली, इतकेच.

वरून सगळेच वेगळे दिसत होते. चेहरे वर वळलेले होते आणि सारे एकसारखे वाटत होते. आपला शब्द न अडखळता, पुरा, शेवटच्या माणसापर्यंत पोचतो आहे हे शिष्याला आयुष्यात प्रथमच जाणवले. पहिली काही वाक्ये त्याने ठरवल्याप्रमाणे उच्चारली. मग आवाज आपोआप चढला. हा एक माणूस नव्हे, हे साम्राज्याचे बोट आहे, असे तो म्हणाला. बोट ठेवून हात तोडता येत नाही, असेही म्हणाला. फटक्यांचे नाव त्याच्या तोंडून निघालेच नाही. मूर्तीचे डोके जिथे गेले तिथेच, कालव्याच्या तळाशी, याचीही जागा आहे, असे तो म्हणाला आणि लोकांतून हुंकार उठला. तो हुंकार त्याला पायांतून वर चढल्यासारखा वाटला. आता फक्त निकाल उच्चारायचा होता.

तेवढ्यात गर्दीत खळबळ झाली. डोक्यावर घागर घेतलेली कोणी बाई माणसे सारत खांबाकडे निघाली होती. लोकांचे लक्ष तिकडे गेले, आणि ते शिष्याला सहन झाले नाही. तिच्याकडे नीट न पाहताच तो म्हणाला, "बाई, घागर खाली ठेवा आणि तिथेच थांबा."

बाईने घागर उतरवली. वाकून जमिनीला बोटे लावली. मग अंग चोरून उभी राहिली. डोक्यावरची चुंबळ तशीच होती आणि एक पाय दुखरा म्हणून किंचित उचललेला होता.

त्या पायावरून शिष्याने आईला ओळखले.

 यात काय झाले ते पुष्कळांना कळले नव्हते, पण सवयीने आपलेही हात जमिनीकडे जाऊ पाहत होते हे काहींच्या ध्यानात आले. पहारेकऱ्याने मान वर करून चौथऱ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत आश्चर्य नव्हते.

"आई, घागर कुठे नेत होतीस?" शिष्याने विचारले. आवाज आता तिच्यापुरताच होता.

"त्याला पाजायला. सकाळपासून उन्हात आहे." मग ती जरा घाबरून म्हणाली, "तुझं झालं की मग पाजते."

शिष्य चौथऱ्याच्या कडेशी आला. तेव्हा गुरुजी फांदी चौथऱ्याच्या कडेला ठेवून, भिंतीचा आधार घ्यावा तसा चौथऱ्याचा आधार घेत उठले. कित्येक दिवसांच्या उपासाने त्यांचा आवाज बारीक झाला होता. ते शिष्याशीच बोलले, पण ऐकू सर्वांना गेले.

"तू शिकून आलास ते खरं आहे, बाळा. साम्राज्यामागे अधिपती असतो. राजा मेला म्हणून तो मरत नाही, मूर्ती पडली म्हणून पडत नाही. पण त्याला स्वतःचा आवाज नाही, छडी धरायला हात नाही. तो जागा शोधत हिंडतो, आणि जागेवर कोण चढतं याची वाट पाहतो. चढणारा वाईटच असावा लागतो असं नाही. न्याय मागणारा असला तर त्याचं काम सोपं होतं. मी काटे ठेवत होतो ते त्याला अडवायला नव्हे. काटे त्याला बोचत नाहीत. ज्याच्या अंगात तो उतरणार त्याला बोचावेत, एवढ्यासाठी ठेवत होतो." ते श्वास घ्यायला थांबले. "एका प्राचीन संदेष्ट्याने प्रार्थना केली त्याच दिवशी उत्तर घेऊन देवदूत निघाला होता. वाटेत अधिपतीने त्याला अडवून धरलं. त्याला झुंजत यावं लागलं. तू ती वाट आकाशात शोधतोस. ती या वेशीतून जाते. आत्ता एक घागर त्या वाटेने चालली होती."

शिष्य खाली उतरला. उतरताना त्याचा हात फांदीवर पडला आणि तळव्यात काटा गेला. तो त्याने काढला नाही. आईची घागर उचलून तो खांबापाशी गेला. घागर जवळ येताना पाहून पहारेकऱ्याने डोळे घट्ट मिटले. घागर आता डोक्यावर फुटणार असे त्याला वाटले असावे. पाणी ओठांना लागले तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले, आणि तो अधाशासारखा पीत राहिला.

दोर शिष्यानेच सोडले. सर्वांना ते रुचले नाही. व्यापारी म्हणाला, की एवढे शिकून पोराने शेवटी वैऱ्याला पाणी पाजून घरी धाडले. तरीही पहारेकऱ्याला कोणी हात लावला नाही. तो कालव्याच्या काठाकाठाने, मागे वळून न पाहता, निघून गेला.

दुसऱ्या पहाटे गुरुजी उठले तेव्हा चौथऱ्यावर फांदी आधीच ठेवलेली होती. त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून खाल्ली.

पुढे पहिले काफिले देशाकडे निघण्याच्या सुमारास नव्या सम्राटाचे अधिकारी नावेतून आले. त्यांनी काटे कालव्यात फेकले आणि चौथऱ्यावर दयाळू सम्राटाची मूर्ती बसवली. तिच्या चेहऱ्यावर हसू होते. शेजारी नवा पहारेकरी बसला. ओझे उतरवण्याचा नियम, सोयीचा म्हणून, तसाच ठेवण्यात आला.

शिष्य गुरुजींसोबत लांबून हे पाहत होता. तो म्हणाला, "म्हणजे आपण हरलो, गुरुजी?"

"चौथऱ्यावर दगड बसला आहे," गुरुजी म्हणाले. "तू बसला नाहीस. चल, तुझ्या आईची घागर भरायची आहे."

शिष्याने घागर डोक्यावर घेतली. मूर्तीसमोर त्याने ती नियमाप्रमाणे उतरवली आणि वाकला. उठताना त्याने नव्या पहारेकऱ्याकडे पाहिले. तो अगदीच पोरगेला होता आणि उन्हाने त्याचे ओठ सुकले होते. शिष्याने घागर तशीच कलती धरली आणि त्याला विचारले, "पाणी घेतोस?"