पाथरी मिटेपर्यंत

पूर्वी तगर नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मिठाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला आणि मोठेपणी गाड्यांचे तांडे नेऊ लागला. भागीदार होता त्याचा मेहुणा खेमक. मनाने चांगला, पण पायाला भिंगरी.

नगरीची रीत अशी, की जत्रेला ज्याचा तांडा आधी वेशीत शिरेल, त्याला वर्षभर वेशीलगतची जागा. बाजारात उभे राहिलेल्यांना तिचे मोल सांगायला नको. त्या वर्षी कालक नावाचा व्यापारी त्यांच्या पुढे होता.

वाटेतले गवत वणव्यात जळालेले, बैल कालपासून उपाशी. सकाळी नदीकाठी पाथरीचे रान लागले. पिवळ्या फुलांनी माळ भरलेला, आणि फुलाफुलावर मधमाश्या, भुंगे, अंगभर पराग माखलेल्या चिमुकल्या माश्या. एक पट्टा तेवढा ओरबाडलेला होता. कालकाचे बैल तिथे चरून गेले होते.

खेमक जू सोडायला धावला.

"थांब," बोधिसत्त्व म्हणाला. "पाथरी दुपारी मिटते. मिटली की ही मंडळी जातील, मग बैल सोडू."

"दाजी, माश्यांसाठी थांबायचं? कालक वेस गाठेल तिकडे!"

"पंगत बसली आहे, खेमका. पंगतीत गुरं घालतात का?"

खेमक बसला, उठला. चाकांना वंगण घातले, पुन्हा घातले. दहादा आपली सावली पावलांनी मोजली. शेवटी एका फुलापुढे उकिडवा बसून म्हणाला, "मीट गं बाई, मीट एकदाची!"

दुपारी फुले मिटली, गुणगुण ओसरली. बैल पोटभर चरले.

वेस कोसभर राहिली असताना कालकाचा तांडा रस्त्याकडेला अडलेला दिसला. चरताना माश्या डसून बैलांच्या जिभा सुजल्या होत्या. दोन बैल आडवे पडले होते आणि कालक त्यांच्या तोंडात पाणी घालीत रडत होता.

पुढचा रस्ता मोकळा होता. खेमकाने चाबूक उचलला. खेमकाने बैलांच्या तोंडचा फेस पाहिला, चाबूक गाडीत टाकला आणि आपल्या गाडीची जोडी सोडली.

"घे, कालका, जुंप. सकाळी मीही हेच करणार होतो."

खेमकाच्या गाडीचे मीठ इतर गाड्यांवर चढवले आणि सगळे आजारी बैलांच्या चालीने निघाले. वेशीलगतची जागा तिसऱ्याच तांड्याला मिळाली. खेमक मात्र वेशीबाहेर सुजल्या तोंडांना ओली माती लावीत बसला होता, एकदाही न उठता.

ही हकिगत भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, भगवान शास्ते, म्हणाले, "तेव्हाचा कालक म्हणजे भिक्षेला सर्वांआधी पात्र पुढे करणारा भिक्षू. खेमक म्हणजे आसनावर चुळबुळ करणारा हा आपला नवा भिक्षू. आणि फुले मिटेपर्यंत थांबलेला व्यापारी मीच होतो."

दुसऱ्याचे जेवण होईपर्यंत आपली घाई आवरून धरणे, याला क्षांती म्हणतात.