सिद्राम मिस्त्री आणि मोडलेला बोल्ट

एका चातुर्मासात मी लक्ष वातींचं व्रत धरलं होतं. शंभर-शंभर वातींच्या जुड्या बांधून डब्यात ठेवायचे. एक दिवस पाहुणे आले, घाई झाली आणि एक जुडी मी न मोजताच बांधली. नंतर डबा उघडला तर ती कोणती, तेच ओळखू येईना. मन म्हणालं, लाखातल्या दोन-चार वाती, कोण बघायला बसलंय? पण चैन पडेना. शेवटी साऱ्या जुड्या सोडल्या आणि पहिल्यापासून मोजल्या. त्या मोजण्यात चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत ही गोष्ट मनात जुळत गेली. गोष्ट लोखंडाची आहे, पण शांतपणे ऐका.

घाटमाथ्यावर एक गाव होतं. गावाबाहेर, जिथून घाट उतरायला लागतो तिथे, सिद्राम मिस्त्री ट्रक दुरुस्त करायचा. त्याच्या जोडीला त्याचा मेव्हणा महादू होता.

सिद्रामचा एक नेम होता. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. ज्याने आवळला त्यानेच लावायचा. आवळल्यावाचून लावायचा नाही. घाट उतरणारे ड्रायव्हर ते ठिपके बघायचे आणि काही न विचारता गाडी चालू करायचे. त्या घाटात उतार असा, की ब्रेकइतकाच गिअरचा भरवसा लागे.

एके सकाळी बाबालाल ड्रायव्हरचा ट्रक साखळीने ओढत सिद्रामच्या दारात आणला गेला. ट्रकमध्ये शेवंतीच्या करंड्या होत्या. घाटाखालच्या देवीची जत्रा होती. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिथे फुलांचा बाजार भरणार होता. बाबालालच्या गावच्या साऱ्या मळेकऱ्यांनी त्या बाजारासाठी फुलं तोडून त्याच्या हवाली केली होती. दुसरी गाडी कुठे मिळेना.

सिद्रामने बघितलं. क्लचप्लेट जळाली होती. ती बदलायची म्हणजे आख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा आणि परत चढवायचा.

बाबालालने हात जोडले. "मिस्त्री, चारला सोडा मला. धुकं उतरायच्या आत घाट उतरलो पाहिजे. चाळीस घरांची फुलं आहेत."

"चारला सोडतो," सिद्राम म्हणाला.

त्याने आजवर दिलेली वेळ कधी मोडली नव्हती. बाबालाल निवांत झाला आणि करंड्यांवर पाणी शिंपडत बसला.

काम झपाट्याने झालं. जेवणवेळेपर्यंत जुनी प्लेट निघाली, नवी बसली. जॅकवर गिअरबॉक्स वर चढू लागला. आता इथे एक मख्खी असते. गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या मधोमध सरळ शिरला पाहिजे. शिरला की गिअरबॉक्स हाताने ढकलूनही इंजिनाला टेकतो. तो टेकल्यावरच बोल्ट आवळायचे. सिद्राम हे महादूला शंभरदा सांगत आला होता.

त्या दिवशी मात्र नखभर फट राहिली. तीन वाजून गेले होते.

"राहू दे," सिद्राम म्हणाला. "बोल्ट आवळले की ओढून घेतील."

महादूने त्याच्याकडे बघितलं आणि पाना पुढे केला.

एकेक करून सात बोल्ट सिद्रामने आवळत आणले. आठवा सगळ्यांत वर, हात जेमतेम पोचेल अशा जागी. त्याने पाना लावला आणि जोर दिला. बोल्ट जड गेला, मग एकदम हलका झाला. कट्ट असा आवाज आला. पान्याबरोबर बोल्टचं डोकं सिद्रामच्या तळहातात आलं. उरलेला तुकडा इंजिनात रुतून बसला.

दोघं ट्रकखाली उताणे पडून त्या डोक्याकडे बघत राहिले.

"दाजी," महादू हळूच म्हणाला, "आठातले सात आहेत की. डोकं लावून देऊ ग्रीसने चिकटवून. वर ठिपका दिला की कोण ओळखतंय? साक्षात इंजिनालासुद्धा कळायचं नाही."

"गप रे."

"मग काय करताय? गिअरबॉक्स खाली, तुकडा बाहेर, पुन्हा गिअरबॉक्स वर. दिवस मावळेल. त्याला चार म्हणालाय तुम्ही."

तेही खरंच होतं. चारचा शब्द दिलेला होता. वेळ पाळली तर ठिपका खोटा आणि ठिपका राखला तर वेळ खोटी. सिद्रामने बोल्टच्या डोक्याला ग्रीस लावलं आणि ते जागच्या जागी बसवलं. हुबेहूब दिसलं. सातांना ठिपके देऊन झाले. कुंचला पुन्हा रंगात बुडवून त्याने आठव्याजवळ नेला.

तेवढ्यात बाहेरून बाबालालचा आवाज आला. "मिस्त्री, आठही झाले का हो? तुम्ही फक्त सांगा. मी काय खाली वाकून बघत नाही, माझी कंबर धरलीय."

सिद्रामचा हात थांबला. एवढा मोठा ट्रक, त्यात चाळीस घरांची फुलं, समोर तो घाट आणि हा माणूस वाकूनसुद्धा बघणार नव्हता.

"सात झाले," सिद्राम म्हणाला.

"आं?"

सिद्रामने चिकटवलेलं डोकं काढलं आणि तो सरपटत बाहेर आला. त्याने ते बाबालालच्या हातावर ठेवलं. "बाबालालभाई, आठवा माझ्या हातून मोडला. गिअरबॉक्स सरळ बसला नव्हता, मी जबरदस्ती केली. आता परत उतरवतो."

"आणि चारचं काय?"

"ते माझं खोटं ठरलं."

बाबालाल संतापला. "मी गावाला काय तोंड दाखवू? वाळली फुलं घेऊन जाऊ? तुमच्यापेक्षा रस्त्यावरचा पंक्चरवाला बरा होता!"

सिद्रामने मान खाली घातली. कुंचला धुऊन ठेवला आणि पुन्हा ट्रकखाली गेला.

सिद्रामची बायको सुगलाबाई घरातून ओली पोती घेऊन आली. तिने बाबालालला म्हटलं, "भाऊ, रागवा, पण रागावता रागावता ही पोती करंड्यांवर घाला. मी पाणी आणते." मग बाबालालही कामाला लागला.

गिअरबॉक्स खाली आला. मोडक्या तुकड्याचं टोक जरासं बाहेर दिसत होतं. सिद्रामने त्याच्यावर एक नट वेल्डिंगने जोडला आणि फिरवला. नट तुटून आला. महादूने कपाळाला हात लावला. सिद्रामने दुसरा नट जोडला, तो पुरता निवू दिला आणि अगदी धीराने, थोडा पुढे थोडा मागे, फिरवत राहिला. तुकडा किरकिरला, हलला आणि सुटला.

मग त्याने प्लेट तपासली. ती मधोमध नव्हती, केसभर सरकली होती. फट त्यामुळेच राहिली होती. तशीच गाडी घाटात गेली असती, तर उरलेल्या सात बोल्टांवर नको तो ताण आला असता. सिद्रामने एक जुना दांडा घालून प्लेट नीट मधोमध बसवली. या वेळी गिअरबॉक्स दोघांनी नुसता ढकलला आणि तो जाऊन अलगद टेकला. आठव्या जागी नवा बोल्ट घालून आठही आवळले. आठ ठिपके दिले.

तोवर दिवस मावळून धुकं पडलं होतं. धुक्यात घाट उतरता येईना, म्हणून गाडी उजाडल्यावरच निघाली. बाजार हुकला. पोती पुरली नाहीत त्या करंड्यांतली फुलं कोमेजली. पोत्याखालची टवटवीत राहिली, तेवढीच जत्रेत खपली. जाताना बाबालाल सिद्रामशी बोलला नाही.

आठवड्याने एक अनोळखी ड्रायव्हर आला. म्हणाला, "सिद्राम मिस्त्री तुम्हीच ना? बाबालाल घाटाखालच्या हॉटेलात तुमच्या नावानं नुसता ओरडत होता."

"ओरडणारच," सिद्राम म्हणाला. "उशीर केला मी त्याला."

"तेच सांगत होता. म्हणाला, भारी उशीर करतो, पण हातून मोडलं तर स्वतः येऊन सांगतो. मी म्हटलं, आपली गाडी अशाच माणसाकडे न्यावी."

सिद्रामने हात पुसले. गाडी आत घेतली.

दुपारी तो पाणी प्यायला उठला, तर महादू समोर येऊन उभा. चेहरा उतरलेला.

"दाजी, त्या गाडीची डिझेलची नळी... माझ्या हातून चेपली. अजून कुणी बघितली नाही."

सिद्रामने तांब्या खाली ठेवला.

"चल," तो म्हणाला, "दोघं मिळून त्याला सांगू."

तात्पर्य: हातून मोडलेलं उघड केलं तर ते दुरुस्त होतं, झाकून ठेवलं तर त्याच्यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला राहतो. म्हणून बाळांनो, आजपासून एवढा एक नेम तुम्हीही धरा. तुमच्या हातून काही बिघडलं, तर कुणी शोधून काढायच्या आधी आपणहून जाऊन सांगा.