राणीची हनुवटी

एका राज्यात माणसे चारचौघांसारखी होती, तसबिरी मात्र एकजात देखण्या. राजचित्रात व्यंग काढू नये, असा तिथला दंडकच होता.

एकदा धूम्राक्ष मांत्रिक राणी मंदाकिनीची तसबीर पाहून दर्शनाला आला आणि राणीला पाहताच भडकला. "तुम्हाला खोटाच चेहरा प्यारा, मग खरा हवा कशाला?" त्याने हात फिरवला. राणीचा चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत झाला; ना डोळे, ना नाक, ना तोंड. "वर्षाच्या आत कुणी खरा चेहरा कापडावर उतरवला, तरच परत मिळेल!"

दरबारी चिताऱ्यांनी चित्रात राणीची अप्सरा केली. रंग वाळण्याआधीच कापड कोरे झाले.

आईचा आवाज ऐकल्यावाचून राजकन्या शर्वाणीला चैन पडेना. ती रानातल्या बोलक्या धनेश पक्ष्याकडे चित्रकला शिकायला गेली.

"आधी अंडे रंगव," धनेश म्हणाला.

तिने नुसता पांढरा रंग फासला.

"डोळे किलकिले कर. सावली बघ."

महिनाभरात अंडे असे गोल उतरले की धनेशाची मादी उबवायला येऊन बसली!

मग फणस. शर्वाणीने न पाहताच काटे काढले. "ठाऊक आहे ते काढू नकोस, दिसते ते काढ," धनेशाने दटावले.

शेवटी त्याने आपली वाकडी चोच पुढे केली. तिने ती जराशी सरळ केली. "उपकार नकोत," तो म्हणाला. चोच जशीच्या तशी उतरायला पुढचे सात महिने गेले.

वर्षाच्या अखेरच्या दिवशी शर्वाणीने राजवाड्यात परतून सिंहासनावरची आई आठवून रंगवली. कापड कोरे झाले. ती डगमगली नाही. सिंहासनावर बसलेल्या आईला आपण कधी नीट पाहिलेच नाही, हे तिला उमगले. पाहिले होते ते मांडीवरून. तिने आईच्या मांडीवर डोके टेकले, डोळे किलकिले केले आणि उठून झरझर रंगवू लागली. सुटलेली हनुवटी, तिच्याखाली तान्ह्या शर्वाणीने मारलेल्या खुळखुळ्याचा व्रण, वर रुंद नाकपुड्या.

"राणीसरकारांच्या नाकपुड्या!" प्रधानजी किंचाळले. "दंडक मोडतो!"

"मोडू द्या, प्रधानजी. माझी आई अशीच दिसते."

रंग वाळला. कापड कोरे झाले नाही. राणीच्या चेहऱ्यावर आधी हनुवटी उमटली, मग ओठ, मग डोळे. तिने चित्र बराच वेळ न्याहाळले.

"अगंबाई! एवढी सुटली होय गं माझी हनुवटी?"

शर्वाणी हसता हसता रडू लागली.

त्या दिवसापासून दंडक गेला. सर्वांत आधी राजाने स्वतःची तसबीर नव्याने काढवून घेतली, नाकावरच्या चामखिळीसकट. धूम्राक्ष पुन्हा दर्शनाला आला, तो हात जोडून.