कार्डाला कोणता पत्ता सांगायचा?

मृदुला खोत नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहायची, म्हणजे कार्डाला संगणकाशी जुळवून देणारा प्रोग्राम. कर्नल हा संगणकाचा आतला कारभारी. कार्ड आलेली माहिती थेट मेमरीत ठेवतं, आणि मेमरीतल्या जागांना कर्नल आपले घरगुती पत्ते देतो. त्यांवरून खरा पत्ता काढून कार्डाला देणारी मृदुलाची ओळ कंपनीचे मालक जहागीरदारसाहेब यांनी परस्पर उडवली. "पत्ता तो पत्ता! एकाला दोन कशाला?"

तेव्हापासून मशीन कोसळू लागलं, आणि खापर मात्र मृदुलावर.

"आज ग्राहकासमोर मशीन पडलं, तर उद्यापासून येऊ नका, बाई," साहेबांनी बजावलं. मृदुलाची मान काही खाली गेली नाही.

तेवढ्यात ग्राहकाचाच फोन आला. गडी सातपूरच्या चौकात वाट चुकला होता. मृदुला शांतपणे म्हणाली, "या ना, डावीकडची कोपऱ्यातली केबिन."

साहेब कडाडले, "अहो, डोकं फिरलं का? हा पत्ता आपल्या आतल्या माणसांचा! बाहेरच्याला रस्ता सांगा, प्लॉट सांगा!"

तिनं तसं सांगितलं, फोन ठेवला आणि वळली. "साहेब, कार्डही बाहेरचंच आहे. घरगुती पत्ता दिलात, की ते बिचारं भलत्याच्याच घरात सामान टाकतं."

ग्राहक दारात पोचला, तेव्हा साहेब उभे होते आणि त्यांच्या खुर्चीत बसून मृदुला आपली ओळ परत लिहीत होती.