माघारी आली हौसा

"मग डफ देणार तरी कुणाला, वस्ताद?"

केरबा शाहीर ओसरीवर बसून निखाऱ्यांवर डफ शेकत होते. कातडं ताणल्याशिवाय डफ बोलत नाही.

समोर बसलेला रंगराव त्यांचाच चेला. आता बडी असामी. त्याची गाणी वरातीत, जत्रेत, लहान लेकरांच्या तोंडी. पण केरबांच्या घराण्याची रीत अशी, की वस्तादाचा डफ हाती आल्याशिवाय शाहीर म्हणवून घ्यायचं नाही. तेवढंच राहिलं होतं, आणि तेच त्याला सलत होतं.

"माझ्याएवढं नाव कुणी काढलंय, सांगा."

"कुणीच न्हाई बाबा."

वस्तादांनी डफ पुढे केला.

"घे. तुझं लई गाजलेलं गाणं म्हण, आन् घेऊन जा."

रंगरावची कळी खुलली. त्याने डफ छातीशी धरला, घसा खाकरला... आणि त्याची नजर आतल्या दाराकडे गेली.

गाजलेलं गाणं म्हणजे 'माघारी आली हौसा'. सासर सोडून आलेल्या बाईची टिंगल. त्यावर शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. नाव त्याने याच घरातून उचललं होतं. हौसा वस्तादांची लेक; तीही अशीच माघारी आलेली. तो शिकायला होता तेव्हा तिनेच त्याला जेवू घातलं होतं. लिहिताना नाव बदलावं असं एकदा मनात आलंही होतं त्याच्या. पण यमक झकास जुळत होतं, म्हणून राहू दिलं.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"म्हण की, दादा," आतून हौसा म्हणाली. "बाजाराला गेले की पोरं म्हणत्यातच मागनं. तुझ्या तोंडनं तेवढं ऐकायचं ऱ्हायलंय."

...

रंगरावचा हात डफावर गेला आणि तिथेच राहिला. लाजेने त्याला मान वर करवेना. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं.

त्याने डफ खाली ठेवला.

"डफ नको मला, वस्ताद... माफी तेवढी द्या."

केरबांनी डफ उचलला, पुसला, आणि उंबऱ्याच्या आत सरकवला.

"दोन्ही माझ्याकडं न्हाईत. आत जाऊन माग."